नऊ नंबरचं पाणी

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला की ताईचा गुडघा पुन्हा धरला असणार, असं तू परस्पर ठरवतेस आणि तेल पाठवतेस. या खेपेला पाठवू नकोस. गुडघा ठणठणीत आहे आणि आधीच्या दोन बाटल्या तशाच पडून आहेत. उशीर झाला तो पत्र चारदा लिहून चारदा फाडलं म्हणून. हे पाचवं. आज रविवार, दुपारचे दोन वाजलेत. केंद्रात माझ्याशिवाय फक्त स्वयंपाकी आहे आणि तो जेवून घोरतोय, त्यामुळे मधेच उठून जायला मला काही निमित्त नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी नेहमीची ओळ होती. शेजारीण कशी भांडते, नळाला पाणी कसं नाही, शिवणाच्या मशीनचा पट्टा कितव्यांदा तुटला, हे सगळं दोन पानं लिहून झालं की खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ तू टाकतेस: ताई, ते नऊ नंबरला कशाला गेले होते, काही कळलं का? चार वर्षं तू हे विचारतेस आणि चार वर्षं मी उत्तरात हवामान कळवते. यंदा बर्फ लवकर धरला, यंदा उशिरा धरला. तुझ्यासारख्या वटवट करणाऱ्या बाईने एका ओळीच्या पुढे कधी जाऊ नये, यावरूनच मला कळायला हवं होतं की त्या ओळीच्या मागे काय आहे. खरं तर कळत होतं. आणि तू विचारतेस त्याचं उत्तरही मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आता पत्र खाली ठेवू नकोस. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड आहे, ती आजच्या दिवस आवर. मी सगळं सांगणार आहे, पण क्रमाने सांगणार, कारण क्रम सोडला तर मी पुन्हा कुठेतरी पळवाट काढीन. माझी मला खात्री नाही.

तू सगळ्यांना सांगतेस की आमची ताई चिखल मोजते. अगदीच खोटं नाही ते. पण एवढ्या वर्षांत मी तुला ते नीट कधी समजावून दिलं नाही, आणि ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडा धीर धर. तळ्याच्या तळाशी गाळ असतो. त्यात कुजलेली पानं, मुळ्या, मेलेलं शेवाळ. त्यावर जगणारे सूक्ष्मजीव तिथे कोट्यवधी असतात. त्यांना प्राणवायू लागत नाही, उलट तो सोसत नाही. ते त्या कुजक्यावर जगतात आणि मिथेन नावाचा वायू सोडतात. आम्ही त्यांना रांधणारे म्हणतो. वर पाण्यात दुसरे सूक्ष्मजीव असतात, ते हाच मिथेन खातात. ते खाणारे. रांधणाऱ्यांनी केलेलं बरंचसं खाणारे वाटेतच फस्त करतात, म्हणून तळ्यातून हवेत येतं ते थोडकं. ते तसंच असलेलं बरं, कारण मिथेन हवेत गेला की हवा तापते. रांधलं किती, खाल्लं किती आणि उरलं किती, एवढंच शोधायला आम्ही या टोकाच्या थंडीत येऊन राहिलो आहोत. लोक यावर हसतात, हसू देत.

हिवाळ्यात तळ्यावर बर्फाचं झाकण बसतं. पाण्यातला प्राणवायू कमी कमी होत जातो, खाणारे उपाशी पडतात, आणि खाली गाळात मात्र रांधणं सावकाश का होईना, चालूच राहतं. वायू बर्फाखाली साचतो. ही झाली साधी जागा. काही थोड्या ठिकाणी वायू पाण्यात विरघळत बसत नाही, बुडबुड्यांची माळ होऊन तळातून सरळ वर येतो. तो इतक्या घाईने जातो की खाणाऱ्यांना तोंड उघडायला फुरसत मिळत नाही. आणि येताना तो तळाचं पाणी वर ओढून आणतो. हिवाळ्यात तळाचं पाणी वरच्यापेक्षा उबदार असतं, तुला उलटं वाटेल पण असतं. ते पाणी अष्टौप्रहर खालून बर्फाला लागत राहतं. वरून पाहिलं तर सगळीकडे सारखंच पांढरं दिसतं, पण आजूबाजूला हातभर जाड बर्फ असतो आणि तेवढ्या जागी चार बोटं.

अशी जागा सापडली की आम्ही तिथे लाल काठी रोवतो, आणि लाल काठीच्या वीस पावलांत कोणी जायचं नाही असा नियम आहे. जागा सापडते ती बाटलीतल्या आकड्यावरून. बर्फाला भोक पाडायचं, पाणी बाटलीत भरून आणायचं, माझ्या यंत्रात घालायचं, आणि मिथेनचा आकडा भलताच मोठा आला की काठी. म्हणजे काठी कुठे रोवायची हे मी ठरवायचे. दुसरं कोणी नाही.

भोक पाडायच्या कामावर तुझ्या नवऱ्याला मीच लावलं. वखारीतलं काम सुटून ते घरी बसले होते, आणि तू मला लिहिलं होतंस की घरी बसलेला पुरुष म्हणजे स्वयंपाकघरात ठेवलेलं कपाट, जाता येता लागतं. ते आले, माणसाएवढ्या उंचीचं ते गिरमिट त्यांनी खांद्यावर टाकलं, आणि आठवड्याभरात सगळं केंद्र त्यांना गिरमिटराव म्हणायला लागलं. तूसुद्धा. पहिल्या वर्षी त्यांनी एक चूक वारंवार केली. उथळ जागी ते गिरमिट इतकं खाली घालायचे की पातं गाळात शिरायचं. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो, पाण्याचा आकडा खोटाच फुगतो, आणि दोन दिवसांची मेहनत वाया जाते. मी त्यांना फार बोलले होते त्यावरून. ते निमूट ऐकून घ्यायचे आणि मग बाहेर जाऊन माझी नक्कल करायचे, हे मला स्वयंपाक्याने सांगितलं. ताई रागावल्या की वेगळी थंडी पडायची गरज नसते, असं म्हणायचे म्हणे. दुसऱ्या वर्षापासून मात्र त्यांच्या हातून ती चूक एकदाही झाली नाही. पुढच्या सहा वर्षांत एकदाही नाही. पण आमच्याकडे एकदा नाव पडलं की ते पुसलं जात नाही, आणि पुसायचं काम ज्या बाईचं होतं ती मीच होते.

चार वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात नऊ नंबरच्या भोकातून आलेल्या पाण्याचा आकडा बाकी भोकांच्या आठपट आला. नऊ नंबर म्हणजे उत्तरेची बाजू, जिथे काठ खचून पाण्यात बसायला लागला होता. एका भोकाच्या आम्ही तीन बाटल्या भरतो. एकीचाच आकडा वेगळा आला तर तिचं बूच सैल होतं म्हणून ती सोडून द्यायची. तिन्हींचा आला तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर त्या जागी खरंच काहीतरी सुरू झालेलं आहे, नाहीतर भोक पाडणाऱ्याने गाळ ढवळला. यातलं काय ते पाहायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाणी आणावं लागतं. मी गेले नाही, कोणाला पाठवलंही नाही. खुर्चीतून न उठता नोंदवहीतल्या तिन्ही आकड्यांवर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं: गाळ ढवळला गेला, नोंद रद्द.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. चहाच्या वेळी आठनऊ माणसांसमोर मी त्यांना म्हणाले, गिरमिटराव, सात वर्षं झाली, अजून तुम्हाला तळ्याचा तळ कुठे लागतो ते कळत नाही का? ते उभे राहिले. म्हणाले, ताई, मी गाळाला शिवलोसुद्धा नाही, पातं चांगलं चार हात वर होतं, पाणी आपणहून उसळत होतं. आणि मग म्हणाले, बर्फच हाताला हलका लागला तिथे. हे शब्द मी जसेच्या तसे लिहिते आहे. बर्फ हलका लागला, असं तळ्यावर सात वर्षं रोज बर्फ कापणारा माणूस सांगत होता, आणि मी विचारलं, तुमच्या हाताला काय लागलं ते आता वहीत लिहू का? सगळे हसले. तेही हसले थोडेसे, आणि खाली बसले.

मी असं का केलं, याचा मी चार वर्षं विचार केला आहे. आधी वाटायचं, काम फार होतं, थकले होते. ते खरं नाही. ते माझ्या बहिणीचे यजमान होते. त्यांच्या शब्दावर मी काठी रोवली आणि तिथे काही निघालं नाही, तर बाई घरच्या माणसाचं ऐकते असं लोक म्हणतील, याची मला धास्ती होती. आणि याहून वाईट म्हणजे, यंत्राच्या आकड्याला पुष्टी द्यायला एका भोक पाडणाऱ्याचा हात लागावा, हे मला सहन झालं नाही. एवढा माज होता मला, ठमे. तुला तो माहीत आहेच, लहानपणापासून तू त्याच्या आजूबाजूने वाट काढत आलीस.

तू मला नंतर सांगितलंस की शेवटचे दोन आठवडे ते घरी तुसड्यासारखे वागत होते, ताटावरून उठत होते, काही विचारलं की वसकन अंगावर येत होते. तू शहरात जायचा लकडा लावला होतास म्हणून ते तसे झाले, असं तू धरून चाललीस. तसं नव्हतं. केंद्रात लोक त्यांना येता जाता विचारत होते, काय गिरमिटराव, आज किती चिखल काढला? हा विनोद मी सुरू करून दिला होता. तुझ्याशी भांडणारा माणूस माझ्यावर चिडलेला होता, आणि मला बोलता येत नव्हतं म्हणून तुला बोलत होता.

आता नीट वाच. ज्या दिवशी ते गेले त्याच्या आदल्या दुपारी ते माझ्या खोलीत आले. दारात बूट काढले, टोपी हातात घेतली आणि तीन रिकाम्या बाटल्या मागितल्या. नऊ नंबरचं पाणी गिरमिट न घालताच आणून दाखवतो, म्हणाले. तिथल्या भोकावर पुन्हा बर्फ धरला असेल तो पातळच असेल, नुसत्या पहारेने फुटेल, मग गाळ ढवळल्याचा प्रश्नच नाही. मी कपाट उघडलं, तीन बाटल्या आणि तीन बुचं त्यांच्या हातात मोजून ठेवली आणि म्हणाले, आणा की, मीही पाहते. एकटं बर्फावर जायचं नाही हा नियम आहे, तो मी त्यांना ऐकवला नाही. ते सोबत कोणाला घेतील असं मी गृहीत धरलं. पण मीच ज्याची थट्टा करून ठेवली होती, त्या कामाला ते सोबत मागणार तरी कोणाकडे? बाटल्या खिशात टाकताना ते आणखी एक बोलले. एवढं एकदा खरं ठरू दे ताई, मग बर्फ फुटला की शहरात जातो, ठमीचं बरोबर आहे, पोरीला इथे शिक्षण नाही. पण गाळ ढवळणारा म्हणून इथून जायचं नाही मला. तुला हे ते स्वतः सांगणार होते, काम झाल्यावर.

त्यामुळे दुसऱ्या सकाळी तुमचं जे भांडण झालं, ते ज्या गोष्टीवरून झालं ती गोष्ट त्यांनी आधीच मान्य केलेली होती. तू म्हणालीस, त्या तळ्याशीच संसार करा, इकडे परत येऊ नका. तुझं तोंड कसं सुटतं ते त्यांना वीस वर्षं माहीत होतं. ते मरायला गेले नव्हते, ठमे. ते मला पाणी आणून दाखवायला गेले होते.

घसरगाडीवाल्याला साडेदहाला बर्फावर त्यांची टोपी आणि पहार दिसली. पाण्यातून बाहेर काढून त्यांना आमच्या नमुन्यांच्या खोलीत आणलं, कारण लांब टेबल तिथेच आहे. डॉक्टरांना यायला तीन तास लागणार होते. केंद्राचे मोठे साहेब मला म्हणाले, तुम्ही घरच्या, तुम्ही बसा त्यांच्यापाशी. मी दार लावून घेतलं आणि त्यांचं ओलं जाकीट उतरवलं, उगाच, आता त्यांना कोरडं काय आणि ओलं काय. आतल्या खिशात तीन बाटल्या होत्या. दोन रिकाम्या होत्या, एक भरलेली. काठोकाठ भरलेली, बूच घट्ट, आत हवेचा एक बुडबुडा नाही. ते मी त्यांना शिकवलं होतं. बाटलीवर चिठ्ठी होती, पेन्सिलीने तारीख घातलेली, खाली: नऊ, गिरमिट न घालता. मरायला निघालेला माणूस बाटलीवर तारीख घालत नाही. एक भरली आणि दुसरी भरायला वाकताना बर्फ गेला असणार.

ती बाटली मी तिथेच टेबलावर ठेवली असती तर सगळ्यांना कळलं असतं. ते तिथे का गेले, कोणी पाठवलं, बाटल्या कोणी दिल्या. मी ती माझ्या एप्रनच्या खिशात टाकली. रिकाम्या दोन धुवून कपाटात ठेवल्या. मग तू आलीस. तू त्यांच्याकडे न बघता आधी माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, ताई, मी त्यांना मारलं, मीच म्हणाले परत येऊ नका. मी तुझी पाठ थोपटली, असं बोलू नये म्हणाले. तू मला घट्ट धरलं होतंस. बाटली आपल्या दोघींच्या मधे होती, तुला ती लागलीही असेल.

मी खुनी नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण पुढचं जे केलं ते मला कुठल्याच बाजूने समजावता येत नाही. बाटली भरली की आम्ही सुईने तिच्यात विषाचे दोन थेंब सोडतो. ते नाही सोडले तर पाण्याबरोबर आलेले खाणारे सूक्ष्मजीव बाटलीतसुद्धा मिथेन खात राहतात आणि आकडा उतरत जातो. उबेत तर जास्तच भराभर उतरतो. गिरमिटरावांकडे विष नव्हतं, ते माझ्या कपाटात कुलूपबंद असतं. माझ्या हातात बाटली आली तेव्हा मी थेंब सोडायला हवे होते. मी सोडले नाहीत. बाटली माझ्या खोलीत, शेगडीजवळच्या खणात ठेवली आणि आठ दिवस थांबले. त्या जिवांनी सगळं खाऊन टाकावं, बाटलीत काही उरू नये आणि मग मला म्हणता यावं की बघा, तिथे काही नव्हतंच, याची मी वाट पाहत होते. आयुष्यभर मी ज्यांची मोजदाद केली त्यांना मी पुरावा खायला बसवलं. नवव्या दिवशी पाणी यंत्रात घातलं. बाटलीतला प्राणवायू संपला तसं त्यांचं खाणं थांबलं होतं. इतकं खाऊनसुद्धा आकडा बाकी भोकांच्या अकरापट होता. तुझ्या नवऱ्याचं बोलणं अक्षर न् अक्षर खरं होतं.

चौकशीत मोठ्या साहेबांनी लिहिलं की मृताने नेहमीची वाट सोडली, कारण समजले नाही. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. पुढच्या उन्हाळ्यात होडीतून जाणाऱ्यांना नऊ नंबरला बुडबुडे उघड दिसले. मग सगळे धावले. खचलेल्या काठाखालची, हजारो वर्षं गोठून राहिलेली जमीन वितळली होती आणि तिच्यातल्या मुळ्यापाल्यावर रांधणाऱ्यांनी ताव मारायला सुरुवात केली होती. साहेबांनी त्यावर मोठा निबंध लिहिला, बाहेरून माणसं पाहायला आली, आणि शेवटी आभारात माझं नाव आलं, चोख मोजणीबद्दल. तू अभिनंदनाचं पत्र पाठवलंस. त्यातही खाली कोपऱ्यात ती ओळ होती.

पहिला महिना मी भीतीने गप्प राहिले. नंतर लाजेने. त्यानंतर गप्प राहायची सवय लागली, आणि तू शहरात गेलीस तेव्हा, तुला खोटं वाटेल, मला सुटल्यासारखं वाटलं. या शुक्रवारी मी मोठ्या साहेबांना सगळं लिहून दिलं, नोंदवहीचं ते पान आणि बाटलीचा आकडा जोडून. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, बाई, आता कशाला उकरता, निवृत्तीला वर्ष राहिलंय तुमचं. मी म्हटलं, मृताने नेहमीची वाट सोडली हे वाक्य खोडा आणि त्या जागी मी लिहिलंय ते लिहा. ते विचार करतो म्हणाले. नाही खोडलं तर मी वरच्या कचेरीत पाठवणार आहे. पुढे माझं जे होईल ते होईल, त्याबद्दल तू लिहू नकोस.

आता तू विचारशील, चार वर्षं तोंड शिवून बसलेल्या बाईला आजच काय झालं. तुझ्या पत्रानंतर दोनच दिवसांनी तुझ्या लेकीचं पत्र आलं. ती वसतिगृहात राहायला गेली आहे आणि तुझ्याशी बोलत नाही, हे तू मला कळवलं नव्हतंस. त्या सकाळी ती दारामागे उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं, आणि गेल्या महिन्यात तिने तुझ्या तोंडावर म्हटलं की बाबांना तूच घालवलंस, आणि तू एक शब्दही उलट बोलली नाहीस. मला तिने लिहिलं आहे की बाबांची किंमत फक्त तुलाच होती मावशी, मी तुझ्याकडे येऊन राहू का? तिच्यामुळे हे पत्र लिहिलं, तुझ्यामुळे नाही. तू विचारत राहिली असतीस आणि मी हवामान कळवत राहिले असते, इतकी मी वाईट आहे. याच पत्राची दुसरी प्रत तिला आधी पाठवते आहे, तुझं दोन दिवस मागे ठेवून, म्हणजे तुला पोचायच्या आधी तिला पोचेल. मुद्दाम. कारण तुला हे आधी मिळालं असतं तर तू ते शेगडीत घातलं असतंस, आणि ताईचं नाव जाऊ नये म्हणून जन्मभर पोरीचे बोल खाल्ले असतेस. ती उद्या परवा तुझ्या दाराशी येईल. तिला काही समजावू नकोस, तिला सगळं ठाऊक असेल. आत घे आणि आधी जेवायला वाढ.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क आता तुझ्याच हातात आहे,
ताई